तांब्याच्या डोंगरातलं तळं

एका राज्यात तांब्याचा डोंगर होता, आणि त्या डोंगराची हाव सुटलेला शूरकेतू राजा होता. खाणकऱ्यांनी विनवलं, "महाराज, पुढे झरे आहेत. थांबावं." राजा थांबला नाही. पहार झऱ्याला लागली, तसा झऱ्याच्या राखणदार मांत्रिकाने शाप दिला. भुयारातली माणसं होती तिथेच तांब्याची झाली. त्यांत राजाचा एकुलता एक मुलगा जयकेतू होता. हुकूम सोडणाऱ्या राजाचेही हात मनगटापर्यंत हिरवे पडले. खाण ओस पडली; खोल खड्ड्यात झऱ्यांचं तळं साचलं.

वर्षं लोटली. एके सकाळी राजाच्या खिडकीत धनेश पक्षी येऊन बसला.

"राजा, त्या तळ्याच्या पाण्याने तांब्याचा माणूस जिवंत होईल. शाप शिवलेल्या ओंजळीतच ते टिकतं. एका ओंजळीने एकच माणूस उठतो, आणि कुणालाही ओंजळ एकदाच भरता येते. मुकुट उतरव, अनवाणी जा, वाटेत थेंबही पिऊ नकोस."

राजाने मुकुट उतरवला. वाट दाखवायला गिरजा पुढे झाली. तिचा खाणकरी नवरा कोंडाजी भुयारातच तांब्याचा झाला होता. खाणीतल्या धारदार दगडांत आता करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. राजाचे तळवे सोलून निघाले.

"गिरजे, ओंजळ एकच आहे."

"ठाऊक आहे, महाराज. आपण बाप आहात. मी काही मागणार नाही."

तळं निळंशार होतं, तळाशी झरे बुडबुडत होते. राजाचा घसा सुकला होता, पण तो प्यायला नाही. ओंजळ भरून तो भुयारात शिरला.

जयकेतू पळता पळता थिजला होता. त्याच्या पाठीवर कोंडाजीचे दोन्ही पंजे होते. स्वतः पळायचं सोडून तो राजपुत्राला बाहेर ढकलत होता.

राजा किती तरी वेळ पाहत राहिला. "बाळा, क्षमा कर," तो पुटपुटला, आणि ओंजळ कोंडाजीच्या माथ्यावर रिती केली.

कोंडाजीने श्वास घेतला. गिरजाने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. त्याने आपले हिरवे तळवे पाहिले.

"म्हणजे शाप मलाही शिवलाय!" असं म्हणून तो तळ्याकडे धावत सुटला.

त्याच्या ओंजळीने जयकेतू जागा झाला.

"बाबा, आपण इतके म्हातारे कसे झालात?"

"तुझी वाट बघता बघता."

बापाला कडकडून भेटून जयकेतूही पाण्याला गेला. एकाने दुसऱ्याला उठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. दिवस मावळायच्या आत भुयार रिकामं झालं आणि शाप संपला.

राजाने खाण कायमची बंद केली, तळ्याखालच्या जमिनी खाणकऱ्यांना दिल्या. तिथे आता भात पिकतो. तळं अजून भरलेलं आहे. ज्याला पाहायचं असेल, त्याने चालत जावं.