साळुंकीने मागितलेली परवानगी

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानातला न्याय पाणवठ्यावर व्हायचा. टिटवीची अंडी खाल्ल्याचा आरोप मुंगसावर होता. टिटवीची बाजू साळुंकी मांडत होती. तिने दाखवलेले घरट्याजवळच्या चिखलातले पायांचे ठसे न्यायासनावरच्या गव्याने नाकारले. "पुसट आहेत. पुरावा म्हणून चालणार नाहीत."

"महाराज, मुंगूस एकदा सुटलं की पुन्हा खटला नाही," साळुंकी म्हणाली. "त्याआधी तुमच्या वरचा न्यायाधीश असलेल्या कड्यावरच्या गरुडाकडे दाद मागायची परवानगी द्या."

"माझ्याविरुद्ध, आणि परवानगी माझ्याचकडे?" गवा म्हणाला. "माझी चूक असेल, तर ती टिटवीने का सोसावी? जा."

गरुड आला. त्याने ठसे पुरावा म्हणून मानले आणि निरखून पाहिले. मधोमध शेपूट घासल्याची रेघ होती. मुंगूस शेपूट असं घासत चालत नाही; ठसे घोरपडीचे होते!

साळुंकीच पुढे झाली. "मुंगूस निर्दोष आहे. मी आरोप मागे घेते."

"अगं, हरलीस की!" कावळा ओरडला.

गवा मात्र तिच्यासाठी उठून उभा राहिला.