भिंतीकडे वळवलेली बरणी

एकदा एका निवृत्त प्राध्यापकाने अडुसष्टाव्या वर्षी शिष्यत्व पत्करले. हयातभर त्याने इतिहास शिकवला होता. शहरातल्या बंद पडलेल्या काच कारखान्याचे संग्रहालय करायचे ठरले आणि त्याची मांडणी त्याच्याकडे आली. त्याला कागद वाचता येत होते, काच वाचता येत नव्हती. म्हणून भट्टीवर चाळीस वर्षे काच फुंकलेल्या एका वृद्ध कारागिराकडे तो रोज सकाळी जाऊन बसू लागला. कारागीर त्याला ‘मास्तर’ म्हणत, तो त्यांना ‘बाबा’.

संग्रहालयासाठी लोकांनी घराघरांतून कंदिलाच्या काचा, बरण्या, दौती आणून दिल्या. प्राध्यापक एकेक वस्तू उजेडात धरून पाही आणि त्याचा जीव खालीवर होई. एकही निर्दोष नव्हती. कुठे बुडबुडा, कुठे वाकडा काठ, कुठे अंगभर रेघा. उद्घाटनाला बाहेरगावचे जाणकार येणार होते. यांना धड एक काच करता येत नव्हती, असे ते म्हणतील. आणि मांडणाऱ्यालाही कळले नाही, असेही म्हणतील. या धास्तीने त्याने प्रत्येक वस्तूचा दोष भिंतीकडे वळवून ठेवला.

उद्घाटनाच्या सकाळी बाबा आले. त्यांनी काठी कोपऱ्यात टेकवली आणि कोणाला काही न विचारता एकेक वस्तू फिरवायला सुरुवात केली. बुडबुडे पुढे, वाकडे काठ पुढे.

“बाबा, अहो, हे काय करताय? तासाभरात पाहुणे येतील!”

“येऊ देत की. आणि मास्तर, काचेची पाठ भिंतीला लावून काय लपतं? आरपार दिसतंय सगळं.”

प्राध्यापक ओशाळला. “पण आपल्याकडे एकही चांगला नमुना नाही हो.”

“कुठून असणार? चांगला माल पेट्या भरून परगावी गेला, वापरला गेला, फुटला. नापास झालेला तेवढा आम्हाला घरी न्यायची मुभा होती. तो बायकांनी जपला, म्हणून राहिला.”

बाबांनी कंदिलाची एक काच उचलली. “ही एका बाजूला जाड आहे, बघा. माझ्या शेजारी फुंकणाऱ्या तुळशीरामची. त्या वर्षी त्याला खोकला जडला होता. खोकल्यानं हात थांबायचा, आणि फुंकायची नळी फिरायची थांबली की काच एका अंगाला उतरते. निर्दोष काच पुढ्यात ठेवलीत, तर ती त्यानं केली की मी, हे मलाही सांगता यायचं नाही.”

मग त्यांनी रेघांनी भरलेली बरणी प्राध्यापकाच्या हाती दिली.

“आणि ही युद्धातली. कोळसा येईना. तीन वर्षं लाकडावर भट्टी जगवली. काच पुरती वितळत नव्हती, म्हणून या रेघा. तुमच्या त्या फलकावर या तीन वर्षांचं काय लिहिलंय?”

भिंतीवरचा कारखान्याच्या इतिहासाचा फलक त्याच्याच हस्ताक्षरात होता. त्या तीन वर्षांच्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. पोकळी दिसू नये म्हणून त्याने लिहिले होते, ‘या काळात कारखान्याचे काम सुरळीत चालू होते.’ हे वाक्य त्याला पहिल्यापासून टोचत होते; पण गुळगुळीत होते, म्हणून त्याने ते राहू दिले होते.

त्याने ते हळूच वाचून दाखवले.

“म्हणजे मास्तर,” बाबा म्हणाले, “ती तीन वर्षंही तुम्ही भिंतीकडेच वळवून ठेवलीत.”

प्राध्यापकाने हातातली बरणी फलकाखाली ठेवली, रेघा पुढे करून. मग खिशातून पेन काढले, ते वाक्य खोडले आणि वर लिहिले, ‘या तीन वर्षांच्या नोंदी मला सापडल्या नाहीत. खालची बरणी पाहावी.’

अक्षर जरा वाकडे आले होते. ते पुन्हा गिरवावे असे त्याला वाटले. मग त्याने पेनाला टोपण लावले आणि दार उघडायला गेला.