कोऱ्या चेकवरची सही

एकदा एका तालुक्याच्या गावी नेत्रसेवा मंडळाची खजिनदार वासंती ढोले परगावी निघाली होती. मंडळाच्या चेकवर दोन सह्या लागत: तिची आणि अध्यक्ष केळुसकर गुरुजींची. गुरुजींनीच तिला शाळेत शिकवले होते, मंडळातही त्यांनीच आणले होते. निघण्याच्या आदल्या सायंकाळी तिने पाच कोऱ्या चेकांवर सह्या करून ते गुरुजींच्या हाती दिले.

"आठवडाभर लेकीकडे आहे. काम अडायला नको."

गुरुजींनी चेक एकेक उलटून पाहिले आणि ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एसटीत चढणार, तोच फोनवर बँकेचा संदेश आला. खात्यातून चार लाख बारा हजार गेले होते. शिल्लक त्रेसष्ट रुपये. बेचाळीस वृद्धांच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा तो निधी होता.

ती तशीच बँकेत धावली. अधिकाऱ्याने चेक पुढे ठेवला. सारी रक्कम केळुसकर गुरुजींच्या नावे, त्यांच्याच खात्यात जमा.

"मॅडम, ही सही तुमचीच ना?"

तिचीच होती. ती तडक गुरुजींच्या घरी गेली.

गुरुजी घरीच होते. "गुरुजी, हे... तुम्ही?"

"हो. मीच काढले."

वासंती पायरीवर बसली. ज्यांच्या पायांशी बसून अक्षरे गिरवली, ते असे निघावेत!

"विश्वास टाकला होता मी तुमच्यावर," ती म्हणाली.

गुरुजींनी उरलेले चार कोरे चेक तिच्यापुढे ठेवले आणि शेजारी स्वतःच्या खात्याचा, मंडळाच्या नावे पूर्ण रकमेचा एक चेक.

"विश्वास माणसावर टाकावा, वासंती, सही मजकुरावर करावी. सही म्हणजे 'वरचे वाचले, मान्य आहे' असा दिलेला शब्द. वर काहीच लिहिलेले नव्हते, तेव्हा तू मान्य काय केलेस? पैसा तुझा असता तर मी इतका निष्ठुर झालो नसतो. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या वतीने तू सही करतेस. तू तरी पाहून कर."

वासंतीने चारही कोऱ्या चेकांवर आडवे 'रद्द' लिहिले. मग गुरुजींचा चेक पर्समध्ये ठेवता ठेवता ती थांबली. डोळे पुसून तिने चष्मा लावला आणि नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम, सही, सारे सावकाश वाचले.

"गुरुजी," ती चेक पुढे करत म्हणाली, "तारीख घातलेली नाही."

गुरुजींनी पेन मागितले.