बाभळीवरचा ठराव

विहिरींना अजून कठडे नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची वीस घरटी लटकत होती. डौलराव हा तिथला सगळ्यात जुना नर.

एका श्रावणात पलीकडची शिंदी वाऱ्यानं पडली आणि तिथले बेघर झालेले पाच-सहा नर बाभळीवर आले.

"काका, खालच्या फांदीवर घरटी बांधू का?"

डौलरावांनी पिसं फुगवली. "छे, छे! आमचा वारा अडेल. विहिरीतलं पाणी दिसायचं नाही. आणि झाडाची शोभा जाईल ती वेगळीच!"

लगेच सभा भरली. या बाभळीवर यापुढे एकही नवं घरटं बांधायचं नाही, असा ठराव झाला. बिचारे पाहुणे समोरच्या बोरीवर गेले.

पुढचा आषाढ लागला आणि माद्या घरं बघायला आल्या. एकीनं डौलरावांचं घरटं चोचीनं जरासं ओढलं, तर अर्धा तळच विहिरीत पडला.

"अहो, हे गेल्या वर्षीचं! यात कोण अंडी घालणार? नवं कुठंय?"

"नवं बांधायचं नाही, असा ठराव आहे."

"कुणी केला?"

डौलराव पंख साफ करू लागले. ती मैत्रिणींना घेऊन बोरीकडे उडाली.

दुसऱ्या दिवशी डौलराव गवताचं पातं घेऊन बोरीवर हजर झाले.

"या काका, माझ्या घरट्याखाली जागा आहे," एक जण सरकत म्हणाला.

डौलरावांनी पातं पायाखाली धरलं आणि हळूच विचारलं, "तुमचा वारा नाही ना अडणार?"