वीस हाकांवरचे तळे

एका जंगलातील तळ्यात एक बदकीण आपल्या वृद्ध सासूसह राहत असे. त्या वर्षी तळे आटत चालले आणि जेमतेम चार दिवसांचे पाणी उरले. डोंगरापलीकडे बारमाही तळे आहे, हे सर्वांना माहीत होते. ते किती दूर आहे, हे मात्र कोणीच धड सांगेना. सासूच्या डाव्या पंखात जोर नव्हता. वाटेत कोठे उतरावे लागेल, हे आधी कळणे म्हणूनच आवश्यक होते.

बदकिणीने कावळ्याला विचारले. तो म्हणाला, "मधे उकिरडा लागला नाही, तर दुपारपर्यंत." कासव म्हणाले, "आमचे आजोबा निघालेत. पोहोचले की कळवतील." बदकीण वैतागली. "अहो, मी अंतर विचारतेय, तुमच्या घरचा इतिहास नाही!" तेव्हा उंच मानेचा सारस ऐटीत म्हणाला, "फक्त वीस हाका! मी पुढे होतो, तुम्ही या."

मुलांनो, येथेच घोटाळा झाला. बदकिणीची हाक तळ्याच्या एका काठावरून जेमतेम दुसऱ्या काठापर्यंत पोहोचे. तिने हिशेब केला, की अशी वीस तळी ओलांडली म्हणजे झाले. दोघी पहाटे निघाल्या. विसावी हाक संपली, तेव्हा खाली होता काळा, तापलेला कातळ. पाण्याचा थेंबही नव्हता. सासू धपकन खाली पडली आणि धापा टाकत म्हणाली, "सूनबाई, विसाच्या पुढे मोजायला माहेरी शिकवलं नव्हतं का?" बदकीण रडकुंडीला आली. "मोजलं बरोबर हो, सासूबाई! तळंच चुकलंय!"

त्या कातळावर राहणारी टिटवी हे ऐकत होती. तिने अंतर सांगितले नाही, उलट विचारले, "आजी एका दमात किती उडतात?"

"तळ्यापासून इथवर. तेही शेवटी पडूनच," सासू फणकारली.

"मग असे आणखी तीन दम. पहिल्या दमाला पळसाखाली डबकं आहे, दुसऱ्याला जुन्या खाणीतलं पाणी. आज त्या कपारीच्या सावलीत बसा, ऊन उतरलं की निघा. रोज एकच दम. चौथा दिवस उजाडायच्या आत पोहोचाल."

तसेच झाले. तिसऱ्या संध्याकाळी दोघी नव्या तळ्यात उतरल्या. काठावर सारस उभा होताच. "इतका उशीर? वीसच तर हाका!" असे म्हणून त्याने मान वर केली आणि खणखणीत हाक दिली. ती तळे ओलांडून, पलीकडचे रान ओलांडून पार टेकडीवर जाऊन विरली. वीस हाका कोणाच्या होत्या, ते बदकिणीला आता कळले. सासू मात्र पाण्यात चोच बुडवून पोटभर पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "हाक तुमची होती हो, सारसराव. उडायचं आम्हांला होतं."

तात्पर्य : वाट विचारणाऱ्याला अंतर सांगताना आपला आवाका मोजू नये, त्याच्या सोबतच्या सर्वांत थकलेल्याचा दम आधी विचारावा.