फागूबाबा आणि सपाट रस्ता

"रस्ता सपाट आहे की नाही, एवढं एकच सांगा बाबा. मग मी जातो."

फागूबाबांनी मान वर केली नाही. चौकीच्या ओट्यावर बसून ते खराट्याच्या काड्या सुतळीनं आवळत होते.

"सहा दिवस झाले," नेतराम म्हणाला. "सहा दिवस तुमचा रस्ता झाडून राहिलो मी. एका शब्दाचं उत्तर आहे. तेवढंही देववत नाही का?"

"झाडायले मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

हातांना काही काम नसलं की नेतरामला स्वतःचीच भीती वाटे. पण हे बाबांना कसं सांगायचं...

एके काळी इथून छोटी लाइन जायची. गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले, लाकडी स्लीपर लोकांच्या चुलीत गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारनं त्याच वाटेवर गुळगुळीत रस्ता केला, फक्त सायकलींसाठी. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला तलाव. सुरुवातीलाच मोठी पाटी: सपाट व सोपा सायकल मार्ग, अकरा किलोमीटर.

रस्ता संपतो तिथं जुन्या फाटकाची चौकी आहे. फागूबाबा या लाइनीवर तीस वर्षं चावीवाले होते. रोज पायी हिंडायचं आणि रुळांच्या ढिल्या झालेल्या चाव्या हातोड्यानं ठोकायच्या. रूळ गेले, बाबा राहिले. बोलतात कमी, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणू लागले आणि आपापली कोडी घेऊन येऊ लागले. बाबा आलेल्याला पाणी देत. बहुतेकांचं तेवढ्यानं भागायचं.

नेतरामचं भागलं नव्हतं.

तेवढ्यात शहराकडचे दोन सायकलवाले घंटी वाजवत आले. चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही.

"काय रस्ता आहे बाबा! लोणी आहे लोणी! कधी पोचलो कळलंच नाही."

"पाणी प्या," बाबा म्हणाले.

"हा नवा चेला का?" दुसऱ्यानं नेतरामकडं बोट केलं. "का रे भाऊ, दाढी वाढवली की ज्ञान येते का?"

नेतराम एकदम उठला. मूठ वळली होती.

"सुतकात आहे तो," बाबा शांतपणे म्हणाले.

दोघांनी अर्धे प्यालेले पेले खाली ठेवले, काहीतरी पुटपुटले आणि सायकली वळवून निघून गेले. उतरत्या उन्हात तलावावर बदकांचा एक थवा उठला, दूर जाऊन बसला. मग पुन्हा कुठंच काही हललं नाही.

योगराज नेतरामचा मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून बाप तोच. नेतरामनं सातवीत शाळा सोडली तेव्हा दोन थापडा मारल्या त्यानं, आणि त्याच आठवड्यात कामावर जायला सायकल घेऊन दिली तीही त्यानंच. त्या रविवारी नेतरामच त्याला ओढून या रस्त्यावर घेऊन आला होता.

"चल ना दादा. सपाट रस्ता आहे, पाटीवर लिहिलं आहे."

तलाव लागला तसा योगराज मागं पडू लागला. नेतराम पुढूनच ओरडला, "सपाट रस्त्यावर दमला का रे म्हाताऱ्या? वैनीले सांगतो थांब!" आणि हसत सुटला.

योगराज थांबला नाही. पाय मारत राहिला. चौकीपर्यंत पोचला, बाकावर बसला. नेतराम हापशीवरून बाटली भरून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, घरी बसल्या बसल्याही गेला असता. नेतरामनं अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून परत आला, तेव्हा वहिनीनं एकच विचारलं.

"त्यायले लय त्रास झाला का?"

"नाही वैनी. रस्ता सपाट होता."

वहिनीनं डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. आणि तेच नेतरामला सोसवलं नाही. तो उठला, थेट इथं आला. घरून दोनदा माणूस येऊन गेला, पण नेतराम परतला नाही.

"उद्या दहावा आहे," तो आता म्हणाला. "मले घाटावर बसायचं आहे. वैनीसमोर उभं राहायचं आहे. खोटं बोललो असेन तर कोणत्या तोंडानं उभा राहू? लोक म्हणतात सपाट, पाटी म्हणते सपाट. तुम्हीच तेवढे बोलत नाही. कसले महाराज तुम्ही?"

बाबांनी सुतळीला शेवटची गाठ मारली.

"सायकल आण."

"माही?"

"त्याची."

योगराजची सायकल त्या दिवसापासून चौकीच्या भिंतीला टेकून उभी होती. नेतरामनं सहा दिवसांत तिला हात लावला नव्हता. त्यानं ती रस्त्यावर आणली.

"तोंड घराकडं कर. बस."

तो बसला.

"ब्रेक सोड. पाय वर घे."

"काहून?"

बाबांनी खराट्यानं समोरचा रस्ता दाखवला.

नेतरामनं पाय उचलले. सायकल क्षणभर तशीच राहिली... मग एक वाळलेलं पान चाकाखाली चुरलं. मग दुसरं. कोणी ढकलत नव्हतं, पायडल स्थिर होतं आणि चाकं फिरत होती. आधी मुंगीच्या चालीनं, मग माणसाच्या. कानाला वारा लागला तेव्हा त्यानं तलावाकडं पाहिलं.

तलावाच्या सुरुवातीला पाणी रस्त्याला चिकटून असतं, हात घालून तोंड धुता येतं. इथं ते खूप खाली होतं. दोन शिंदीची झाडं एकावर एक उभी केली तरी पुरली नसती. कितीदा इथून गेला होता तो! कधी बाजूला पाहिलंच नव्हतं.

त्यानं करकचून ब्रेक दाबला. उतरला. सायकल ढकलत परत आला, तेव्हा पहिल्यांदाच पोटऱ्यांना रस्ता कळला.

"चढ आहे," तो म्हणाला.

"आहे. ऐंशी फुटाले एक फूट. इंजिनही इथं धापा टाकायचं."

"अन् ती पाटी?"

"पाटी लिहिणारा मोटारीत बसून आला होता."

नेतराम हसला नाही. सायकल त्याच्या हातातून सुटून रस्त्यावर पडली.

"म्हणजे मी चढवलं त्याले... चिडवून चिडवून चढवलं. अन् वैनीशी खोटं बोललो." त्यानं ओट्यावर हात आपटला, पुन्हा आपटला. "सहा दिवस काहून नाही सांगितलं मले?"

"तू रस्त्याचं विचारत होता," बाबा म्हणाले. "त्याचं कधी विचारलं नाही."

"त्याचं... काय?"

बाबा बाकावर जाऊन बसले. एका कडेला, दुसऱ्या माणसाला पुरेल इतकी जागा सोडून. नेतराम उभाच राहिला. त्या जागेवर त्याला बसवेना.

"इथं येऊन बसला तेव्हा पाय लटपटत होते त्याचे. मी विचारलं, चढ लागला का गा?"

"अन्?"

"तू तिकडं हापशीवर होता. पाठमोरा. त्यानं तुह्याकडं पाह्यलं. हसला."

"काय म्हणाला?"

पाण्यावरून थंडगार झुळूक आली. रस्त्यावर पडलेल्या सायकलचं पुढचं चाक थोडंसं फिरलं, थांबलं.

"म्हणाला, 'चढ कुठचा जी? सपाट आहे.'"

एखाद्या लहान पोरानं तक्रार करावी तसं नेतराम म्हणाला, "खोटं बोलला तो."

"हो."

"त्याले कळत होतं ना पण... छातीत..."

"कळत होतं."

नेतराम बाकावरच्या त्या मोकळ्या जागेकडं पाहू लागला.

"तू वैनीले काय सांगितलं?" बाबांनी विचारलं.



"रस्ता सपाट होता."

फागूबाबा वाकले, पडलेली सायकल उभी केली आणि तिची मूठ त्याच्या हातात दिली.

"मग त्याचाच निरोप पोचला."