नाळेत उतरण्यापुरतं यंत्र

"…मग हेच ठेवू, की बदलून महागातलं घेऊ, बुवा?"

प्रश्न याच शब्दांत विचारला होता का, याची उकिडवे सरांना आज खात्री देता येत नाही. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, आणि आता स्वतःच्याच वाक्याची साक्ष काढता येत नाही, याची त्यांना टोचणी लागते. पण धुकं होतं, हे नक्की. बुवा चुलीत ओली लाकडं सारत होते, हेही.

अवलनाथबुवांची गुहा खैराच्या नाळेच्या तोंडाशी होती. नाळ म्हणजे कड्यातून थेट कोकणात कोसळणारी दगडधोंड्यांची घळ. सरांचा एकुलता एक मुलगा अमोघ बुवांच्या हातचा चहा पिऊन या नाळेत उतरला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. शोधणाऱ्यांना त्याची पाठपिशवी सापडली. तो नाही.

सरांच्या हातात तळहाताएवढं यंत्र होतं. आभाळातल्या उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते सांगणारं. दुकानदार म्हणाला होता, पटलं तर ठेवा, नाहीतर बदलून न्या. महागातल्या यंत्राचं माहितीपत्रकही त्याने दिलं होतं.

"महागातलं काय जास्तीचं करतं?" बुवांनी विचारलं.

"त्यात नकाशे आहेत. उभ्या जागी दिशा दाखवतं. याला चार पावलं चालल्याशिवाय दिशा कळत नाही."

"आमच्यासारखंच की."

सर हसले नाहीत.

"पडलं तर फुटतं?"

"नाही. भिजलं तरी चालतं. वजनाला हलकं आहे. साधे पेन्सिल सेल लागतात."

"नाळेत दोन्ही अंगांना कडे. आभाळ चिंधीएवढं. तिथं याला उपग्रह दिसायचे?"

"अधूनमधून दिसतील. पिशवी सापडली त्या जागेचे आकडे यात घातलेत. तिथवर नेलं की झालं."

"आणि परत कुठलं चांगलं आणतं?"

सरांनी पत्रक उलटलं. मग पुन्हा सुलटं केलं.

"ते… दुकानदाराला विचारायचं राहिलं."

"भिजण्याचं विचारलंत, पडण्याचं विचारलंत. एवढंच राहिलं, मास्तर?"

ओलं लाकूड सूं सूं करत राहिलं.

"हेच पुरे," सर म्हणाले. "एकदाच तर लागणार."

बुवांनी मान वर केली नाही. सर उठले. महागातल्याचं पत्रक त्यांनी चुलीपाशी ठेवलं.

"हे जाळायला होईल तुम्हाला. बरं, जातो मी."

जातो. पोर उंबऱ्यावरून असं म्हणालं तर आई तिथूनच दटावते. सरांच्या तोंडून तो शब्द सहज गेला. त्यांना कळलाही नाही.

बुवांना कळला.

"बघू ते यंत्र."

सरांनी दिलं. बुवांनी मागचं झाकण उघडलं, सेल काढले आणि आपल्या झोळीत टाकले. मोकळं यंत्र सरांच्या हातावर ठेवलं.

"माझ्या बॅटरीतले संपलेत. हे होतील तिला."

"अहो बुवा, मग मी खाली कसा उतरू?"

बुवांनी झोळीचं तोंड आवळलं.

"बुवा?"

"धुकं आलंय. बसा."

सर खाली बसले. यंत्राचा पडदा काळा होता. तरी त्यांनी बटण दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"तो खाली आहे, बुवा."

"आहे."

"एकटा आहे."

"आणि आम्ही इथं काय जत्रेत बसलोय?"

बुवांनी चहाचा पेला पुढे सरकवला. सरांनी तो लगेच घेतला नाही. मग घेतला. बुवा चुलीकडे बघत राहिले.

गावाकडची पायवाट दिसण्याइतकं धुकं विरळ झालं तेव्हा सर उठले. गुहेच्या तोंडाशी थांबले.

"…येतो."

"या. येताना सेल आणा. हे महिनाभरही पुरायचे नाहीत."

सर दर महिन्याला सेल नेत राहिले. बुवा हातात घेत, झोळीत टाकत, चहा ठेवत. नाळेचा विषय कधी निघे, कधी नाही. पुष्कळ वर्षांनी बुवा गेले. गावकऱ्यांनी गुहेबाहेरच त्यांना समाधी दिली. माती लोटून माणसं पांगल्यावर सर आत गेले आणि कोनाड्यातली बॅटरी त्यांनी उघडली. स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही, म्हणून बरोबर आणलेले सेल दोनदा घालून पाहिले. त्या बॅटरीला जाडे सेल लागत होते. पेन्सिल सेल तिच्यात बसतच नव्हते.